जोडीदाराचे दोष तुमच्या माथी : मदत कुठे मिळते, किती पैसे लागतात

नवरा घरात न सांगता शेअर बाजारात पैसे घालवतो आणि रात्री जेवताना बायकोला विचारतो, ‘किराण्यावर एवढे कसे गेले? तुला पैशाची किंमतच नाही.’ बायको स्वतः कुणाशी तरी चोरून बोलत असते आणि नवऱ्याचा फोन रोज तपासते. ज्याला राग आवरत नाही, तोच ‘तू सतत चिडलेली असतेस’ असं ओरडून सांगतो. चोराच्या उलट्या बोंबा आपल्याला नव्या नाहीत, पण त्या रोज एकाच घरात, एकाच माणसाकडून ऐकाव्या लागतात तेव्हा ऐकणारा हळूहळू स्वतःवरच शंका घेऊ लागतो. मीच उधळी आहे का? मीच संशयी आहे का?

मानसशास्त्रात याला प्रक्षेपण म्हणतात. फ्रॉइडने १८९० च्या दशकात त्यावर लिहिलं आणि त्याची मुलगी ॲना फ्रॉइड हिने १९३६ च्या पुस्तकात मनाच्या बचावाच्या पद्धतींमध्ये त्याची नीट मांडणी केली. १९९७ साली न्यूमन, डफ आणि बॉमाइस्टर या अमेरिकी संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं, की स्वतःतला नकोसा दोष माणूस मनाआड ढकलायला लागला की तोच दोष त्याला समोरच्यात दिसू लागतो. म्हणजे बोलणारा दर वेळी ठरवून खोटं बोलत असतो असं नाही. त्याला ते खरंच दिसत असतं. म्हणूनच पुरावे दाखवून, शपथा घेऊन, रडून भांडण मिटत नाही. किराण्याची बिलं समोर ठेवलीत तर तो म्हणेल, ‘बघ, किती हिशोबी आहेस.’

या लेखात मदतीचे दर दिले आहेत, पण त्याआधी माझं एक ठाम मत. स्वतःचं निर्दोषत्व सिद्ध करण्यावर आणि जोडीदाराला सुधारण्यावर पहिला पैसा खर्च करू नका. तो स्वतःवर करा. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात आणि पैसे संपल्यावर थकून थांबतात.

एकही रुपया न लागणारी मदत

केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत. ‘मला वेड लागलेलं नाही, मग कशाला फोन करू?’ असा संकोच बाळगू नका. ‘घरी सतत आरोप होतात, झोप लागत नाही, माझंच चुकतंय का ते कळत नाही’ एवढं सांगितलं तरी पुरतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवाही फोनवर विनाशुल्क समुपदेशन करते.

प्रत्यक्ष जाऊन बोलायचं असेल तर महाराष्ट्रात एक जुनी सोय आहे, जिची माहिती अजूनही अनेक घरांत नाही. टाटा संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आज राज्यात अनेक ठिकाणी आहे. तो पोलिसांच्या आवारात असतो, पण तिथे बोलायला प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते बसतात. गेलं म्हणजे गुन्हाच नोंदवावा लागतो असं मुळीच नाही. अनेक शहरांत पोलिसांचे भरोसा सेल आहेत आणि जिल्ह्यांत सखी वन स्टॉप सेंटर आहेत, जिथे समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि गरज पडली तर काही दिवसांचा निवारा मोफत मिळतो. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१, आणि जिवाला धोका वाटला तर ११२.

सरकारी दवाखान्याचा विचार मध्यमवर्गीय घरांत पटकन बाजूला टाकला जातो. तसं करू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. जिल्हा रुग्णालयं आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं त्यातच येतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकांच्या रुग्णालयांत केसपेपरचे किरकोळ पैसे पडतात. गोव्यात बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे काम करते. इथे पैसे वाचतात, वेळ जातो. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना प्रत्येकासाठी मोजकी मिनिटं मिळतात, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईसाठी अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी. त्यामुळे केसपेपर काढल्यावर सरळ सांगा, ‘मला गोळ्यांपेक्षा बोलायचं आहे, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवा अधीक्षक भेटतील का?’ असा माणूस तिथे असेल तर तो वेगळी वेळ देऊ शकतो. ही विचारणा स्वतः केली नाही तर बहुधा कुणी आपणहून सुचवत नाही.

खासगीत गेलात तर

खालचे आकडे ढोबळ आहेत. शहर, अनुभव आणि भाग यांनुसार बदलतील, म्हणून फोन करून विचारायचंच.

संस्था आणि ट्रस्टच्या केंद्रांत एका भेटीचे साधारण ३०० ते ८०० रुपये. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत खासगी समुपदेशक ५०० ते १,२०० घेतात. मुंबई-पुण्यात १,००० ते २,५००, आणि नाव झालेल्यांकडे ३,००० च्या पुढे. भेट ४५ मिनिटांपासून तासाभराची. दोघांनी मिळून जायची भेट जास्त लांबते आणि दर दीडपट ते दुपटीपर्यंत जातो. मनोविकारतज्ज्ञाची पहिली भेट ८०० ते २,५०० रुपये, पुढच्या भेटींचे बहुतेक ठिकाणी कमी.

हिशोब मांडून बघा. १,२०० रुपयांच्या सहा भेटी म्हणजे ७,२००, जाण्यायेण्याचे प्रत्येकी १५० धरले तर आणखी ९००. दोन-अडीच महिन्यांचा एकूण खर्च ८,१०० रुपये. याउलट दोघांच्या आठ भेटी, प्रत्येकी २,५०० दराने, २०,००० रुपयांना पडतात. पहिली रक्कम अनेक नोकरदार घरांना पेलते. दुसरीसाठी दोघांची तयारी लागते, आणि आरोप करणारा जोडीदार ‘तुझ्या डोक्याच्या उपचारावर मी का खर्च करू?’ असं म्हणण्याची शक्यता मोठी असते.

फी परवडत नसेल तर ‘कन्सेशन मिळेल का?’ हे विचारायला लाजू नका. ऐपतीप्रमाणे फी घेणारे बरेच जण आहेत, काही जण हाताखाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे कमी पैशांत पाठवतात आणि त्या कामावर स्वतः लक्ष ठेवतात. ठाण्यातली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम मराठीतून करते आहे. पुण्यात स्त्रियांसाठी काम करणारा नारी समता मंच आहे. आपल्या गावाजवळ असं काय आहे, हे आधी शोधा. मराठीत भांडणारं घर मराठीत उलगडून सांगता आलं तर पहिली भेट वाया जात नाही.

नोकरी मोठ्या कंपनीत असेल तर एचआरकडे एक प्रश्न विचारा : कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची योजना आहे का? अशा योजनांत ठरावीक भेटी मोफत असतात, बऱ्याचदा जोडीदारासाठीही. कंपनीला तुमच्या बोलण्यातलं काय कळतं, हे लेखी विचारून घ्या. आरोग्य विम्यावर मात्र विसंबू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात. नात्यातल्या ताणाचं समुपदेशन त्यात सहसा बसत नाही.

फोनवर काय विचारायचं

मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो; औषधं लिहून देतो तो हाच, आणि त्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. क्रमांक मागितला तर खरा माणूस रागावत नाही. समुपदेशक या नावाने मात्र कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून शिक्षण काय, किती वर्षं काम केलं, जोडप्यांबरोबर केलं आहे का, हे विचारा. ‘लाइफ कोच’, ‘रिलेशनशिप एक्सपर्ट’ या बिरुदांमागे कोणती पदवी आहे ते कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

भेट रद्द केली तर फी लागते का, तेही आधीच ठरवा. काही ठिकाणी २४ तास आधी न कळवल्यास पूर्ण फी घेतात. घरात ऐन वेळी भांडण काढून तुम्हाला जाऊच दिलं जात नसेल, तर हा नियम फार महागात पडतो. अशी अडचण आधी सांगितली तर चांगला समुपदेशक सवलत देतो. दहा-वीस भेटींचं पॅकेज पहिल्याच दिवशी विकणाऱ्याकडे जाऊ नका. पहिल्या तीन भेटींत काय घडतं ते बघून पुढे जायचं की नाही हे ठरवण्याचा तुमचा हक्क आगाऊ पैसे भरले की जातो.

एकट्याने की दोघांनी

माझ्या मते इथेच सगळ्यांत जास्त पैसे चुकीच्या जागी जातात. ‘दोघांनी मिळून जाऊ, तिसरा माणूस न्याय करेल’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण समुपदेशक न्यायाधीश नसतो आणि तो निकाल देत नाही. जो आपले दोष दुसऱ्यावर टाकतो, तो नव्या माणसासमोरही तेच करतो, तेही शांतपणे आणि पटेल अशा पद्धतीने. ज्याच्यावर वर्षानुवर्षं आरोप झाले, तो मात्र त्या खोलीत चिडतो, रडतो, अडखळतो. पहिल्याच भेटीत चित्र उलटं उभं राहू शकतं, आणि तुम्ही २,५०० रुपये देऊन घरी एक नवं वाक्य घेऊन येता : ‘बघितलंस, मॅडमनाही कळलं तू कशी आहेस.’

म्हणून आधी तीन-चार भेटी एकट्याने. त्यांत एक महत्त्वाचं काम होतं, ते म्हणजे आरोपांची निवड. कारण सगळेच आरोप खोटे नसतात. संशयी जोडीदाराच्या दहा तक्रारींत एखादी खरी असते, आणि ती मान्य न करणं म्हणजे आपणही तेच करणं. आपण खरंच मुलांवर ओरडतो का? पैशांचं काही लपवतो का? हे आपल्या बाजूच्या माणसासमोर पाहणं अवघड असलं तरी शक्य असतं. रोज आरोप करणाऱ्यासमोर ते अशक्य होतं.

या काळात एक वही ठेवा. तारीख, नेमके शब्द, आणि त्याच्या आधी काय घडलं होतं. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ‘तू खोटारडी आहेस’ हे वाक्य दर वेळी बँकेचा मेसेज आल्यानंतरच्या संध्याकाळी येतं, हे वहीत दिसतं, डोक्यात दिसत नाही. वही घरी ठेवणं सुरक्षित नसेल तर ऑफिसच्या खणात किंवा बहिणीकडे ठेवा.

बोलण्याची पद्धतही समुपदेशनात ठरवता येते. ‘मी नाही, तूच तसा आहेस’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी ते भांडण वाढवतं. ‘तू प्रक्षेपण करतोयस’ हे तर त्याहून वाईट. समोरच्याच्या मनाचं निदान तोंडावर फेकलं की तो आणखी आत शिरतो. त्याऐवजी छोटं आणि पुन्हा पुन्हा म्हणता येईल असं वाक्य ठेवा : ‘तुला तसं वाटतंय, मला ते पटत नाही. आवाज चढलाय, मी आत जाते. उद्या सकाळी बोलू.’ आणि खरंच आत जा. पैशाच्या आरोपावर ‘रविवारी दोघांचे खाते-उतारे समोर ठेवून बसू’ एवढंच. जोडीदार बसायला तयार होतो की विषय बदलतो, यावरून बरंच कळतं.

मग दोघांनी कधी जायचं? जोडीदाराने एखादी तरी चूक कधी आपणहून मान्य केली असेल, तो आपल्या मर्जीने यायला तयार असेल आणि तुम्हाला त्याची भीती वाटत नसेल, तर. घरी आल्यावर ‘तिथे काय बोललीस’ म्हणून शिक्षा होत असेल, मारहाण किंवा धमकी असेल, तर दोघांनी जाणं धोक्याचं आहे, मग ते फुकट असलं तरी.

दारू असेल, किंवा संशय आजाराचा असेल

‘तुझ्यामुळे पितो’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती घरांत ऐकू येतं, ते व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. व्यसन आणि दोष दुसऱ्यावर टाकणं यांची जोडी पक्की आहे, आणि अशा वेळी नात्याच्या समुपदेशनावर पैसे घालणं लवकर होतं. आधी व्यसनाचा उपचार. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. त्यांना फी नसते, ऐच्छिक वर्गणी असते. तिथे बसलेल्या पाच-सात बायकांच्या तोंडून आपल्याच घरातलं वाक्य शब्दशः ऐकलं की ‘माझंच चुकतंय’ हे ओझं जेवढं उतरतं, तेवढं महागड्या भेटींतही उतरत नाही. हे मी पूर्ण विश्वासाने लिहिते आहे.

दुसरी गोष्ट संशयाची. माणूस वर्षानुवर्षं बरा होता आणि अचानक बायकोचे कपडे तपासू लागला, गच्चीवर कुणी येतं म्हणू लागला, उतारवयात पैसे चोरल्याचे आरोप करू लागला, तर तो स्वभाव नसून संशयाचा आजार, दारूचा परिणाम किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. इथे समुपदेशकाऐवजी थेट मनोविकारतज्ज्ञ. वर सांगितलेल्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी होते.

कायद्याची वाट धरावी लागली तर

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात शाब्दिक आणि भावनिक छळ हिंसेच्या व्याख्येतच आहे : अपमान, टवाळी, नावं ठेवणं, मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोचणं. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही तो लागू आहे. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो. अर्ज मिळाल्यापासून सामान्यतः तीन दिवसांत पहिली तारीख आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्याची तयारी ठेवा.

वकिलाचा खर्च हा सगळ्यांत मोठा बागुलबुवा असतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हेल्पलाइन १५१००, किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. पुरुषांना मात्र उत्पन्नाच्या मर्यादेत किंवा कायद्यात दिलेल्या इतर गटांत बसावं लागतं. हिंसाचाराचा हा कायदा स्त्रियांसाठीच आहे, पण हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेचं कारण नवरा-बायको दोघांनाही मांडता येतं, आणि कौटुंबिक न्यायालयात दावा दाखल झाल्यावर तिथल्या विवाह समुपदेशकाकडे दोघांनाही फी न देता बोलता येतं. टेलि-मानस आणि सरकारी ओपीडी पुरुषांसाठीही तितक्याच खुल्या आहेत. जिचा नवरा ऐकून घेत नाही तिला मैत्रिणी असतात. ज्याची बायको रोज आरोप करते तो पुरुष बहुतेक वेळा कुणालाच सांगत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं गुपचूप केलेलं फोन रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं असं ठरवलं. तरी रात्रंदिवस रेकॉर्डिंग करत राहू नका. सतत पुरावा गोळा करणारा माणूस स्वतःच पहारेकरी होऊन बसतो, आणि तुमचं बोलणंही पलीकडे तितकंच नोंदलं जाऊ शकतं. खटला करायचा ठरला असेल तर वकिलाला विचारून करा.

पैसे घरात कळू न देता

फी यूपीआयने दिली की संयुक्त खात्याचा मेसेज दोघांना जातो. स्वतःच्या नावाचं बचत खातं नसेल तर आधी ते उघडा. जनधन योजनेत शून्य शिलकीवरही उघडता येतं. तोवर रोख द्या. पावती मात्र घ्या आणि बाहेर ठेवा. आधार, पॅन, लग्नाचा दाखला, दागिन्यांची बिलं यांच्या प्रती विश्वासाच्या माणसाकडे असू द्या. टेलि-मानसला केलेला फोन कॉल-यादीत दिसतो, तेव्हा तो मैत्रिणीच्या किंवा ऑफिसच्या फोनवरून केला तरी चालतो.

पैसे लुबाडणाऱ्यांपासूनही सावध राहा. लोकलच्या डब्यात ‘पती-पत्नी वाद, वशीकरण, चोवीस तासांत फरक’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. तिथे पहिली रक्कम लहान असते, मग ‘बाधा मोठी आहे’ म्हणून ती वाढत जाते. असा प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि पोलिसांत तक्रार करता येते.

पैसे देऊन घेतलेल्या सेवेत फसवणूक झाली, कबूल केलेली भेट मिळाली नाही किंवा पॅकेजचे पैसे अडकले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. त्यासाठीच ती पावती जपून ठेवा आणि फी ठरवताना झालेले व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका.